संघ जातात, मैदान उरते

२२ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सौदी अरेबियाचा अल नासर संघ एफ. सी. गोवाविरुद्ध खेळला. जगद्विख्यात खेळाडू क्रिस्तियानो रोनाल्दो त्या संघाबरोबर गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवणार, या नुसत्या कल्पनेने कित्येक दिवस आधीपासून आपल्याकडे एक प्रकारचे चैतन्य संचारले होते. रोनाल्दो आलाच नाही. सामना मात्र झाला, आपल्या संघाने झुंज दिली आणि तो १-२ असा हरला. दिवे मालवले, पाहुणे विमानात बसून परत गेले, पत्रकारांच्या लेखण्या अन्यत्र वळल्या. मागे उरले ते मैदान. त्या मैदानाची मालकी रोनाल्दोची नव्हे, अल नासरची नव्हे आणि एफ. सी. गोवाचीही नव्हे. ती गोव्याच्या क्रीडा प्राधिकरणाची, म्हणजेच पर्यायाने गोव्यातील करदात्यांची आहे.

या प्रसंगाची आठवण देण्याचे कारण असे की, व्यावसायिक खेळांच्या मैदानांवर सरकारने जनतेचा पैसा खर्च करावा काय, हा वाद आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो आणि कोणताही निर्णय न होता पुन्हा विझून जातो. कधी त्याला निमित्त होते फातोर्ड्याच्या देखभालीचे, तर कधी गोव्यात स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियम हवे या जुन्या मागणीचे. या मागणीच्या संदर्भात पेडणे तालुक्यातील धारगळचे नाव घेतले जाते. एक पक्ष म्हणतो की मोठे स्टेडियम म्हणजे राज्याची प्रतिष्ठा, पर्यटनाला चालना आणि तरुणांना रोजगार. दुसरा पक्ष म्हणतो की ज्या राज्यात खेडोपाडी शाळेला धड क्रीडांगण नाही, तेथे लक्षाधीश खेळाडूंसाठी कोट्यवधींचा चुराडा कशाला? दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. परंतु दोघेही मुख्य प्रश्नाला बगल देतात असे आमचे मत आहे. दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात जनतेच्या हाती काय राहते आणि तो करार कोण वाचून पाहतो, हा तो मुख्य प्रश्न होय.

प्रथम फातोर्ड्याचाच हिशेब मांडून पाहू. १९८९ साली हे स्टेडियम उभे राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नेहरू करंडक स्पर्धेतील ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांचा एकदिवसीय क्रिकेट सामना तेथे झाला. त्यानंतरच्या काळात या मैदानाने काय पाहिले नाही? २०१४ चे लुसोफोनिया खेळ पाहिले, २०१७ ची सतरा वर्षांखालील मुलांची आणि २०२२ ची मुलींची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा पाहिली. महामारीच्या काळात, २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांत, इंडियन सुपर लीगची अवघी स्पर्धा गोव्यातील फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील मैदानांवर बहुतांशी रिकाम्या सज्जांसमोर खेळली गेली. त्या कठीण समयी देशातील व्यावसायिक फुटबॉल जिवंत राहिले ते गोव्याच्या सार्वजनिक मैदानांमुळे, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचे उद्घाटनही येथेच झाले. सबब, जनतेच्या पैशाने बांधलेले स्टेडियम हा सर्वस्वी वायफळ खर्च असतो, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

पण याच मैदानाने दुसऱ्याही गोष्टी पाहिल्या आहेत. एप्रिल २००१ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या सामन्याच्या वेळी बनावट तिकिटांचा सुळसुळाट झाला आणि खरे तिकीट खिशात असलेला माणूस दाराबाहेर उभा राहिला. ज्याच्या कराच्या पैशातून त्या खुर्च्या बसवल्या होत्या त्यालाच बसायला खुर्ची मिळाली नाही. २४ ऑक्टोबर २०१० चा सामना पावसाने धुऊन नेला, एक चेंडूही पडला नाही. निसर्गापुढे इलाज नाही हे खरे. तथापि आमच्या या किनारपट्टीवर चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि बारा महिन्यांचा खारा वारा यांनी छपराचे पत्रे, लोखंडी खांब आणि दिव्यांचे मनोरे कसे झिजतात, हे ज्याने आपल्या घराच्या खिडकीचे गज रंगवले आहेत त्याला सांगायला नको. स्टेडियम बांधण्याचा खर्च एकदाच होतो, उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते. देखभालीचा खर्च मात्र दरसाल दारात उभा असतो आणि त्याची फीत कापायला कोणी मंत्री येत नाही.

आता स्टेडियममुळे पैसा येतो, या युक्तिवादाकडे वळू. तो ऐकायला गोड आहे. सामना असला की हॉटेले भरतात, टॅक्सीवाल्यांना भाडी मिळतात, गाडेवाल्यांचा धंदा होतो. सरकारला कराच्या रूपाने गुंतवणूक परत मिळते, असे सांगितले जाते. अमेरिकेत या प्रश्नाचा अभ्यास पुष्कळ झालेला आहे, कारण तेथे शहराशहरांनी व्यावसायिक संघांना स्टेडियमे बांधून देण्याची प्रथाच पडून गेली आहे. १९९७ साली रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या विषयावरचा एक ग्रंथ संपादित केला. स्टेडियममुळे स्थानिक अर्थव्यवस्थेला मिळणारा लाभ नगण्य असतो आणि सार्वजनिक खर्च त्यातून भरून निघत नाही, असा त्यातील अभ्यासांचा निष्कर्ष होता. त्यानंतरच्या बहुतेक संशोधकांनी तोच दुजोरा दिला आहे.

याचे कारण समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सांग्यातले किंवा डिचोलीतले एखादे कुटुंब महिन्याकाठी करमणुकीसाठी काही रक्कम बाजूला ठेवते. ती रक्कम सामन्याच्या तिकिटावर आणि मैदानाबाहेरच्या भजीवर खर्च झाली, तर ती नाटकाच्या, तियात्राच्या किंवा पणजीतल्या एखाद्या खानावळीच्या गल्ल्यातून वजा होते. पैसा नवा निर्माण झाला नाही, त्याने फक्त खिसा बदलला. शिवाय परदेशी खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या वेतनाचा मोठा भाग गोव्याबाहेर जातो. आणि रोजगार म्हणावा तर हंगामात एका संघाचे घरच्या मैदानावरचे लीग सामने दहा-बारा. उरलेले साडेतीनशे दिवस गाडेवाल्याने काय करावे? बाहेरगावचा प्रेक्षक येतो हे खरे, पण जो गोव्यात एरवीही समुद्र पाहायला येणार होता त्याला स्टेडियमच्या जमाखात्यात धरणे म्हणजे शेजाऱ्याच्या नारळांवर आपला मांडव सजवण्यासारखे आहे.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. संघ आणि मैदान यांचे आयुष्य सारखे नसते. काँक्रीटचे स्टेडियम पन्नास वर्षांच्या हिशेबाने बांधले जाते. व्यावसायिक संघाचे वास्तव्य पुढच्या कराराच्या तारखेपर्यंतचे असते. हे आपण स्वतः अनुभवले आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, दोनदा विजेता ठरलेला साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन संघांनी २०१६ साली आय-लीगमधून माघार घेतली. एका फटक्यात गोव्याच्या फुटबॉलचा नकाशा बदलला. मैदाने मात्र जिथल्या तिथे राहिली. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द इंडियन सुपर लीगच्याच भवितव्यावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. स्पर्धा भरवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातील करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, त्याचे नूतनीकरण झाले नाही आणि नवा हंगाम ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही. एवढी मोठी स्पर्धा, एवढे प्रायोजक, एवढी प्रसिद्धी. आणि सारे एका कागदाच्या मुदतीवर लटकलेले! यात कोण चुकले हा आजचा विषय नाही. ज्या व्यवसायाला स्वतःच्या पुढच्या हंगामाची हमी देता येत नाही, त्याच्या भरवशावर सरकारने पन्नास वर्षांचा बोजा उचलताना दहादा विचार करावा, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. तेथे सार्वजनिक कर्जातून बांधलेले किंगडोम नावाचे प्रचंड स्टेडियम १९७६ साली खुले झाले. अठरा वर्षांत त्याच्या छताच्या फरशा खाली पडू लागल्या, त्यात खेळणाऱ्या संघांना नवी मैदाने हवीशी झाली आणि मार्च २००० मध्ये सुरुंग लावून ते जमीनदोस्त करण्यात आले. कर्ज मात्र सुरुंगाने उडत नाही. ते फिटले २०१५ साली. म्हणजे जे स्टेडियम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हप्ते तेथील जनता पंधरा वर्षे भरत होती, आणि ते मुख्यतः हॉटेलांवरील करातून. पर्यटनाच्या करातून स्टेडियम बांधा, गोवेकराच्या खिशाला तोशीस पडणार नाही, असे जे सुचवतात त्यांनी हे उदाहरण दृष्टीआड करू नये. पर्यटकाकडून घेतलेला करही अखेर सार्वजनिक पैसाच असतो आणि तो किनाऱ्याच्या स्वच्छतेला किंवा गावच्या नळाला गेला असता.

अर्थात, नाही म्हणण्यालाही किंमत मोजावी लागते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील जॅक्सन परगण्यात, तेथील दोन व्यावसायिक संघांच्या मैदानांसाठी विक्रीकराची तरतूद चाळीस वर्षे चालू ठेवावी काय, यावर लोकमत घेण्यात आले. सुमारे ५८ टक्के मतदारांनी नकार दिला. त्यानंतर शेजारच्या कॅन्सस राज्याने सार्वजनिक मदतीचे आमिष दाखवले आणि २०२५ च्या डिसेंबरात त्यांपैकी चीफ्स या फुटबॉल संघाने सीमेपलीकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे संघ हा लिलावातल्या वस्तूसारखा असतो. आज या राज्याने नकार दिला तर उद्या ते राज्य बोली लावते. पण जॅक्सनच्या मतदारांसमोर निदान प्रश्न तरी आला होता. किती कर, किती वर्षे, कोणासाठी, हे त्यांनी वाचले आणि मग हो किंवा नाही म्हटले. आपल्याकडे असे लोकमत घेण्याची पद्धत नाही. म्हणूनच विधानसभेची, ग्रामसभेची आणि वृत्तपत्रांची जबाबदारी अधिक आहे.

करारात संदिग्धता राहिली की काय होते, याचे उदाहरण शोधायला अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमसारखे देखणे मैदान असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम का बांधावे लागले? ब्रेबॉर्नची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची आणि सामने भरवणारी मुंबई क्रिकेट संघटना. सामन्याच्या वेळी कोणाला किती जागा, या वादातून दोघांचे फाटले आणि १९७४-७५ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. खुर्च्यांच्या भांडणापायी एका शहरात शेजारी-शेजारी दोन स्टेडियमे झाली. मालक कोण आणि पाहुणा कोण, पाहुण्याने किती जागा वापरायची आणि किती दाम मोजायचा, हे आधी लिहून ठेवले नाही तर पुढे असा प्रसंग ओढवतो.

शिवाय सरकारी मदत नेहमी रोख रकमेच्या रूपातच जाते असे नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने क्रिकेट सामन्यांसाठी पुरवलेल्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कमी केले आणि ही सवलत २०११ पासून मागे लागू केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने सरकारला त्याचा जाब विचारला. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या खेळाला बंदोबस्ताच्या शुल्कात माफी, आणि सामान्य नागरिकाकडून मात्र प्रत्येक दाखल्याचे शुल्क वसूल! यालाच आपल्याकडे आयजीच्या जिवावर बायजी उदार असे म्हणतात. जमिनीचे नाममात्र भाडे, विजेची माफ झालेली बिले, पोलिसांचा फुकट पहारा, या साऱ्या गोष्टी अंदाजपत्रकात स्टेडियमच्या नावावर कधी दिसत नाहीत, पण त्या खर्चाची किंमत करदाताच मोजत असतो.

याबाबत गोव्याला बाहेरून काही शिकण्याची आवश्यकता नाही, असे आम्हाला वाटते. सामाईक मालमत्तेचा विनियोग कसा करावा, याची परंपरा आपल्या मातीत आहे. गांवकारीची जमीन खंडाने द्यायची झाली की ती उघड बोलीने, चारचौघांच्या देखत दिली जाई. देवस्थानांच्या जत्रेत दुकान थाटायला जागा हवी असेल तर पावणी होते. सर्वांसमक्ष बोली लागते, जो अधिक देईल त्याला जागा मिळते आणि आलेल्या रकमेचा हिशेब महाजनांच्या सभेत वाचला जातो. हिशेब चुकला तर सभेत आवाज चढतात, हेही आपण पाहिले आहे. कोणी दुकानदार असे म्हणत नाही की माझ्यामुळे तुमच्या जत्रेला शोभा आली, सबब मला जागा फुकट द्या. म्हटले तरी कोणी ऐकून घेणार नाही. मग जे शहाणपण आपण देवाच्या जत्रेत दाखवतो, ते खेळाच्या जत्रेत का दाखवू नये?

आमचा रोख कोणत्याही एका संघावर किंवा संघटनेवर नाही. व्यावसायिक संघाने नफ्याचा विचार करणे हा त्याचा धर्मच आहे. त्याने सवलत मागावी यातही वावगे नाही. सवलत देणाऱ्याने मात्र ती कोणाच्या खिशातून देत आहोत हे विसरू नये. म्हणून सरकारने आणि विरोधी पक्षांनीही काही गोष्टी एकमताने मान्य कराव्यात. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या मैदानाची आणि त्याखालच्या जमिनीची मालकी सार्वजनिकच राहावी. व्यावसायिक संघाशी किंवा संघटनेशी होणारा प्रत्येक करार सही होण्यापूर्वी विधानसभेपुढे ठेवावा आणि तो कोणाही नागरिकाला वाचता यावा. भाडे ठोक रकमेचे न ठेवता तिकीटविक्रीत आणि जाहिरातींच्या उत्पन्नात मैदानाचा वाटा असावा. त्यातील ठरावीक भाग देखभालीच्या स्वतंत्र निधीत जावा आणि त्या निधीला दुसऱ्या कामासाठी हात लावू नये. बंदोबस्ताचे व विजेचे पैसे वापरणाऱ्याने भरावेत. वर्षातून किती दिवस मैदान शाळांना, महाविद्यालयांना आणि स्थानिक स्पर्धांना मिळेल हे करारातच लिहावे. ते मेहेरबानीवर सोडू नये. आणि दरसाल जमाखर्चाचे पत्रक प्रसिद्ध करावे. यांतील एकही अट खेळाच्या मुळावर येणारी नाही. ज्या संघाला या अटी जाचक वाटतील त्याने स्वतःच्या पैशाने मैदान बांधावे. नव्या मुंबईत नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम खाजगी पैशातूनच उभे राहिले आहे.

क्रिकेटच्या नव्या स्टेडियमलाही हीच कसोटी लावावी. ज्या खेळाच्या मंडळाची तिजोरी देशातील कोणत्याही क्रीडासंस्थेपेक्षा भरलेली आहे, त्याच्या मैदानासाठी राज्याने पैसा ओतण्याचे प्रयोजन आम्हाला दिसत नाही. सरकारने द्यायचीच तर जमीन द्यावी. तीही योग्य भाड्याने, मुदतीच्या करारावर आणि ज्या गावची ती जमीन आहे त्या गावाला आधी विश्वासात घेऊन.

शेवटी एक जुनी आठवण. गोव्याने संतोष करंडक प्रथम जिंकला तो १९८३ साली, बंगालबरोबर संयुक्तपणे. आणि १९८४ साली ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली तो आपण स्वतःच्या बळावर पटकावला. तेव्हा फातोर्ड्याचे स्टेडियम उभे राहायचे होते. ते खेळाडू कुठे घडले? मळणी झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतात, देवळापुढच्या आणि चर्चपुढच्या पटांगणात, शाळेच्या तांबड्या मातीत. आज त्या शेतांत इमारती उभ्या राहत आहेत, पटांगणांत वाहने उभी असतात आणि संध्याकाळी चेंडू घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला रस्त्याखेरीज जागा सापडत नाही. मोठे स्टेडियम हे खेळाच्या वृक्षाचे फळ आहे. मूळ आहे ते गावच्या मैदानात. मुळाला पाणी न घालता फळाला रंग देत बसण्याने वृक्ष जगत नाही. म्हणून मोठ्या स्टेडियमवर रुपया खर्च करण्यापूर्वी सरकारने प्रत्येक पंचायतीच्या हद्दीत एक मैदान कायमचे राखून ठेवावे, त्यावर दुसरे कोणतेही बांधकाम होणार नाही अशी तजवीज करावी, आणि मग मोठ्या स्टेडियमचा विचार करावा.

पुढच्या वेळी एखादा जगद्विख्यात खेळाडू गोव्यात येणार अशी वार्ता येईल, तेव्हा आम्हीही आनंदाने त्याची वाट पाहू. तो येईल किंवा येणारही नाही. जो संघ त्याला आणील तो दहा वर्षांनी असेल किंवा नसेल. मैदान मात्र येथेच असणार आहे आणि त्याचे बिल आपल्याच नावावर येणार आहे. तेव्हा बिलावर सही करण्यापूर्वी ते एकदा वाचून पाहण्याचा हक्क गोवेकराने बजावलाच पाहिजे.